सखाच्या तोंडावरचा डबा

१९८२ सालच्या फेब्रुवारीत एका मंगळवारी मी माझ्या मित्राचं नाव खोडलं. नियमाप्रमाणे लाल शाईने, आडवी एकच रेघ, बाजूला सही आणि तारीख.

मी कर्जतला कचेरीत पुरवठ्याच्या टेबलावर कारकून आहे. रेशनकार्डावर नावं चढवणं आणि उतरवणं हे माझं काम. नाव चढवायला लोक पेढे घेऊन येतात. उतरवायला कोणी येतच नाही, त्यामुळे कागदावर पाहिलं तर आमच्याकडची माणसं सहसा मरत नाहीत. त्या वर्षी मात्र वरून शेरा आला की मेलेल्यांच्या नावावर साखर जाते, ती थांबवा. मग गावोगाव नोटिसा गेल्या आणि खिडकीसमोर रांग लागली. एरवी रांगेत भांडणं होतात. त्या रांगेत कोणी कोणाला पुढे ढकलत नव्हतं.

एक जुनं, हळद लागलेलं कार्ड आत आलं. 'सखा नामा, वय १९.' कार्ड १९७० सालचं होतं, म्हणजे बारा वर्षं तो एकोणीसचाच होता.

"मृत्यूचा दाखला?" मी मान खाली घालूनच विचारलं. मान वर केली की माणसं बोलायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

"तू कशाला मागतोस रं दाखला, अच्युत? तू आलावतास की मातीला."

मी मान वर केली. धोंडूबाई होती. सखाची आई. कशेळ्याच्या अलीकडे रस्त्यापासून आत त्यांचं गाव. केस पार पांढरे झाले होते, पण नजर तीच, समोरच्याला लहान करणारी.

दाखल्याशिवाय नाव कमी करता येत नाही. मी कमी केलं. नोकरीतला माझा तो एकमेव गुन्हा. धोंडूबाई खिडकीच्या गजाला धरून बघत होती. रेघ वाकडी येऊ नये म्हणून मी पट्टी घेतली. आता वाटतं, पट्टी घ्यायला नको होती.

तिने कार्ड परत घेतलं, शाई वाळेपर्यंत हातात धरलं आणि म्हणाली, "तुमी पोरांनी तो शिनेमा काडलावतात. सखा व्हता नं त्यात?"

"होता, मावशी."

"तोंड दिसतं काय रं त्याचं?"

मी शाईच्या बाटलीला बूच लावलं. तीच पुढे म्हणाली, "फोटू येक नाय घरात. शाळंत फोटू काडला तवा ह्यो लावणीला. आदी डोळं मिटलं का दिसायचा. आता नाक आठवतं, कान आठवतात, समदं येका जागी येत नाय. दुसराच कोन तरी येतो. मला त्याचं तोंड येकदा बगायचं हाय."

तिच्यामागे सतरा माणसं उभी होती. शेजारच्या टेबलावरचा वाल्मिक पेन थांबवून ऐकत होता. आणि मी म्हणालो, "दिसतं ना. अगदी स्पष्ट दिसतं. दाखवतो तुम्हाला."

पुढचं सगळं रामायण या दोन वाक्यांतून झालं. कारण त्या सिनेमात सखाचं तोंड कुठेच नव्हतं. त्याच्या तोंडावर पहिल्यापासून शेवटपर्यंत तेलाचा डबा होता.

सिनेमाची हकीकत अशी. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला आणि इकडे कर्जतमध्ये विष्णू ओगले बिघडला. त्याच्या मामांनी आफ्रिकेहून येताना चावीवर चालणारा एक छोटा कॅमेरा आणला होता. विष्णूने तो मिळवला आणि जाहीर केलं की आपण अंतराळावर सिनेमा काढायचा. आम्ही चौघे होतो. विष्णू आणि मी कर्जतचे, लडकू आणि सखा कशेळ्याच्या बाजूचे. आठवीपर्यंत एका बाकावर बसलो. सखाने नववीत शाळा सोडली, पण आम्हाला सोडलं नाही. दर गुरुवारी कर्जतला यायचा आणि पारावर बसून आमच्या कॉलेजच्या बढाया ऐकायचा.

सिनेमाचं नाव होतं 'परत जाणारा पाहुणा'. दुसऱ्या ग्रहावरचा एक जण वाट चुकून भाताच्या खाचरात उतरतो. एका तरुण शास्त्रज्ञाशी त्याची मैत्री होते. शेवटी त्याला परत जावं लागतं. शास्त्रज्ञ मी झालो, कारण मी गोरा होतो आणि माझ्याकडे कोट होता. कोट वडिलांचा होता, पण गोरेपणा माझा होता. लडकू शास्त्रज्ञाचा दुष्ट मामा झाला. सखा पाहुणा. परग्रहावर डोकी चौकोनी असतात असा विष्णूचा अभ्यास होता, म्हणून वाण्याकडून पंधरा किलोचा रिकामा डबा आणला, त्याला चंदेरी रंग दिला आणि डोळ्यांसाठी दोन भोकं पाडली. रंगाखालून एका बाजूला 'शुद्ध शेंगदाणा' दिसायचं. सखाने ती बाजू कॅमेऱ्याकडे करायची नाही असं ठरलं. तीन आठवडे तो पोरगा तेवढं सांभाळत बांधावरून चालला. डबा उन्हात तापायचा. त्याने एकदाही तक्रार केली नाही, आणि आम्हीही एकदाही विचारलं नाही.

पुढच्या चैत्रात त्याला कावीळ झाली. आठ दिवसांत गेला. मी त्याला बघायला गेलो नाही. कावीळ लागते असं आई म्हणाली, आणि मला ते पटवून घेणं सोपं गेलं. रिळं मुंबईहून धुऊन आली तेव्हा त्याचा दहावा होऊन गेला होता. ती पाहायला कोणी प्रोजेक्टर शोधला नाही. विष्णूने डबी बंद करून ठेवली आणि आम्ही तिघे आपापल्या नोकरी-धंद्याला लागलो. असा तो सिनेमा, काढलेला आणि कोणीही न पाहिलेला.

त्या मंगळवारी घरी जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं. सरोजिनी तांदूळ निवडत होती.

"तोंड दिसत नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग दिसतं असं का म्हणालात?"

"रांग होती."

तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "उद्या जा आणि सांगून टाका. जितके दिवस जातील तितकं अवघड होईल."

ती नेहमीच बरोबर असते, त्यामुळे तिचं ऐकण्याची माझी पद्धत नाही. शेजारच्या द्वारकाकाकू दुधाला विरजण मागायला आल्या होत्या, त्या वाटी घेऊन खालीच बसल्या. त्यांचं मत पडलं की सांगण्याची काहीच गरज नाही. "तिला चेहरा आठवत नाही ना? मग एखाद्या बऱ्याशा मुलाचा फोटो काढून द्या. म्हातारी समाधानाने जाईल. आमच्या भाच्याचा आहे एक, मुंजीतला नव्हे, पुढचा." मी यावर पूर्ण एक मिनिट विचार केला, हे कबूल करायला मला लाज वाटते. सरोजिनीने तो मिनिटभर माझ्याकडे पाहिलं आणि सूप उचलून आत गेली.

बायकोला 'हो' म्हणालो खरा, तरी मला एक आशा होती. सिनेमाच्या शेवटी पाहुणा डबा काढतो आणि आत आपल्यासारखाच माणूस निघतो, असं काहीतरी विष्णूने लिहिलं होतं. ते चित्रीकरण झालं की नाही, हे मला आठवत नव्हतं. रविवारी मी डोंबिवलीला विष्णूकडे गेलो. तो आता बँकेत होता आणि त्याला टक्कल पडलं होतं. माळ्यावरून बिस्किटांचा डबा काढला, त्यात तीन रिळं निघाली.

"चार होती ना?"

विष्णूने बायकोकडे पाहिलं. ती संकोचून म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात पापड वाळत घातले होते गच्चीत. कावळे यायचे. म्हणून ती पट्टी चार बाजूंनी बांधली. वाऱ्याने हलते, उन्हात चमकते."

"चौथ्यात काय होतं?" मी विचारलं.

"तूच," विष्णू म्हणाला. "नदीकाठी विचार करत फिरतोस, तो सगळा भाग."

"कावळे मात्र यायचे थांबले हो," विष्णूची बायको म्हणाली. तिला माझं सांत्वन करायचं होतं.

मी तो अपमान गिळला आणि मुद्द्याचं विचारलं. "शेवटी सखा डबा काढतो ना?"

विष्णू रीळ उजेडात धरून पाहत होता. त्याने हात खाली घेतला. "काढणार होता. तू नको म्हणालास."

"मी?"

"शेवटी शास्त्रज्ञाच्या डोळ्यात पाणी येतं. तू म्हणालास, त्या वेळी लोकांनी माझ्याकडे बघायला पाहिजे, सखाने डबा काढला तर त्याच्याकडेच बघत बसतील. अर्धा तास वाद झाला बांधावर. शेवटी सखाच म्हणाला, जाऊ दे रं, मी ऱ्हातो डब्यात. तुला आठवत नाही?"

त्याने सांगेपर्यंत आठवत नव्हतं. सांगितल्यावर सगळंच आठवलं. माझ्या डोळ्यात त्या दिवशी पाणी काही आलं नव्हतं. कांदा लावावा लागला होता. कांदा सखानेच शेजारच्या मळ्यातून आणला होता, डोक्यावर डबा ठेवून.

तिथेच थांबायला हवं होतं. पण रिळं हातात होती, आणि धोंडूबाईने कशेळ्याच्या बाजारात चार जणांना सांगून ठेवलं होतं. आता काहीतरी दाखवायला हवं होतं. काय दाखवायचं ते नंतर बघू, आधी प्रोजेक्टर मिळवू, असं मी ठरवलं. अवघड गोष्ट टाळण्यासाठी माणूस किती कष्ट करतो, याचा मी पुढचे तीन आठवडे नमुना होतो.

कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचा एक प्रोजेक्टर तालुक्याला होता. तो मागायला अर्ज हवा. वाल्मिक म्हणाला, अर्ज तीन प्रतींत कर आणि आवकला दे. आवकचं काम त्या आठवड्यात माझ्याकडेच होतं, म्हणून मी माझा अर्ज माझ्याकडून घेतला, त्यावर शिक्का मारला आणि स्वतःला पोच दिली. चार दिवसांनी प्रचाराच्या साहेबांनी बोलावलं.

"चित्रपटाचा विषय?"

"अंतराळ, सर."

"त्यातून जनतेला बोध काय?"

मी जरा वेळ विचार केला. "पाहुण्याने वेळेवर परत जावं."

त्यांनी ते लिहून घेतलं. "सेन्सॉरचं प्रमाणपत्र?"

"सर, बारा मिनिटांचा आहे. मुका आहे. त्यातलं एक पात्र आता हयात नाही, त्याच्या आईला दाखवायचा आहे."

साहेबांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. "टिपणीस, जे पात्र हयात नाही त्याचं संमतिपत्र कोण देणार?" म्हणाले आणि अर्ज पुढे पाठवला. तो अलिबागला, जिल्ह्याच्या कचेरीत गेला. माझ्या माहितीप्रमाणे तो अजून तिथेच आहे. मागाहून कळलं की तो प्रोजेक्टर मोठ्या फिल्मचा होता, आमची इवलीशी पट्टी त्यात बसलीच नसती. हे साहेबांना माहीत होतं, पण त्यांना ते कोणी विचारलं नव्हतं.

छोट्या फिल्मचा प्रोजेक्टर नेरळला डॉक्टर वैशंपायन यांच्याकडे आहे असं कळलं. ते दाताचे डॉक्टर. गेलो तर खुर्ची रिकामीच होती, मी सवयीने तिच्यात बसलो. हीच चूक झाली. मी प्रोजेक्टरबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि डॉक्टरांनी आत आरसा घातला.

"डावीकडची दाढ गेली आहे. कधीपासून दुखते?"

दुखत नव्हती. पण ज्याच्याकडून वस्तू न्यायची आहे त्याच्या ज्ञानावर शंका कशी घ्यायची? मी म्हटलं, अधूनमधून. त्यांनी ती काढली. मग कापूस दाताखाली धरून मी त्यांच्या बद्रीकेदार यात्रेची दोन रिळं पाहिली, त्यात त्यांच्या सौभाग्यवती निरनिराळ्या खेचरांवर बसून जात होत्या. मला बोलता येत नसल्यामुळे मी मान डोलवत राहिलो. डॉक्टरांना इतका चांगला प्रेक्षक कधी मिळाला नव्हता. त्यांनी प्रोजेक्टर आनंदाने दिला आणि बजावलं, "एका जागी थांबवायचा नाही. दिव्याच्या उष्णतेने पट्टी जळते. चालू तर चालू ठेवायचा."

जागा लडकूने दिली. त्याची कशेळ्याला भातगिरणी होती. दुष्ट मामाचं काम त्याने एकट्यानेच नीट केलं होतं, आणि आता आमच्या तिघांत एकट्यानेच शरीर राखलं होतं. मी गिरणीत गेलो तेव्हा तो पट्ट्याला तेल घालत होता.

"गाल का सुजलाय?"

मी सांगितलं. तो हसला नाही.

"म्हातारीला बोललास काय, तोंडावर डबा हाय म्हनून?"

"नाही अजून."

"कवा बोलनार?"

"जातो आताच."

"मी सांगू?"

"नको. मीच सांगतो."

"मग सांग. ती रोज हितं येते. भात नसतं कांडायला, तरी येते. इचारते, शिनेमा कवा हाय."

मी तसाच धोंडूबाईकडे गेलो. ठरवून गेलो होतो की उंबऱ्यातच सांगायचं, आत जायचं नाही. ती ओटी सारवत होती. माझा गाल पाहून तिने हात धुतले आणि न विचारता पेज मऊ करून आणली. मी बसलो. भिंतीवर एक खिळा नवा ठोकलेला दिसला.

"तिकडं लावनार त्याला," ती म्हणाली. "फोटूवाला बोलला, शिनेमातनं फोटू काडता येतो. येतो नं रं?"

"येतो, मावशी."

"हसतोय काय त्यात?"

माझ्या तोंडात पेज होती. गिळायला जितका वेळ लागतो तितका वेळ मला मिळाला होता. खरं बोलायला तो पुरेसा होता.

"हसतो," मी म्हणालो.

ती बराच वेळ खिळ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "आजारात तुजं नाव काडायचा. अच्युत येनार, शिनेमा घेऊन येनार. मी बोलायची, येल रं, कॉलेज असंल त्याला." तिने हे माझ्यावर ठपका म्हणून सांगितलं नाही. नुसतं सांगितलं. मी वाटी खाली ठेवली, नमस्कार केला आणि कशेळ्यापर्यंत चालत आलो. बस दोन गेल्या, मला दिसल्या नाहीत.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी दुपारी खेळ ठरला. गिरणीच्या खिडक्यांना लडकूने पोती बांधली होती, भिंतीला नवा चुना दिला होता. माझ्या हिशेबाने धोंडूबाई, लडकू आणि मी. सकाळी अकराला गिरणीसमोर साठेक माणसं बसली होती. 'मेलेला सखा भितीवर येनार' अशी बातमी गावात पसरली होती. कोणी नारळ आणला होता. गोमा भगत दहीभात घेऊन आला होता आणि तो भिंतीसमोर ठेवावा की भिंतीमागे, यावर दोन म्हाताऱ्यांशी त्याचा वाद चालला होता. कारण भिंतीमागे लडकूची शेण-गवऱ्यांची खोली होती. विष्णूने तार केली होती, बँकेतून सुट्टी नाही. मला त्याचा हेवा वाटला.

धोंडूबाई नवं लुगडं नेसून आली होती. तिला पुढे पोत्यावर बसवलं. मी प्रोजेक्टरला पट्टी लावत असताना लडकू कानाशी आला.

"सांगितलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्याने माझ्याकडे पाहिलं, तसं त्याने सिनेमातल्या दुष्ट मामाच्या कामातही कधी पाहिलं नव्हतं. मग जाऊन दार लावून घेतलं.

पहिलं रीळ सुरू झालं आणि भिंतीवर मी आलो. कोट घातलेला, केस मागे वळवलेले, आकाशाकडे पाहणारा. डावीकडून मी, उजवीकडून मी, वहीत काही लिहिणारा मी. चार मिनिटं दुसरं काही नव्हतं. एक बाई म्हणाली, "ह्यो कोन?"

"रेशनवाला," दुसरी म्हणाली.

"तवा बरा व्हता."

माझा गाल ठणकत होता. अंधार होता हे उपकार.

दुसऱ्या रिळात खाचरात धूर झाला आणि धुरातून चौकोनी डोक्याचा पाहुणा निघाला. पोरं खिदळली, मोठ्यांनी त्यांना गप्प केलं. पाहुणा आला, बसला, शास्त्रज्ञाने त्याला भाकरी दिली, ती डब्याच्या भोकातून जात नाही म्हणून त्याने ती कपाळाला लावून बाजूला ठेवली. आम्ही हे विनोद म्हणून घेतलं होतं. कोणी हसलं नाही. सगळे वाट बघत होते. शेवटी मागून कोणीतरी विचारलं, "सखा कंदी येनार?"

प्रोजेक्टरचा खडखड आवाज चालू होता. बोलायचं काम माझं होतं.

"तोच सखा आहे," मी म्हणालो. "डबा घातलेला."

मग एक म्हातारा उठला आणि दार किलकिलं करून बाहेर गेला. त्याच्यामागे आणखी काही. गोमा भगताने दहीभात उचलला. भिंतीवर शास्त्रज्ञ पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे बघत होता. पाहुण्याकडे तो एकदाही बघत नव्हता. हे मला त्या दिवशी कळलं.

मी तिसरं रीळ लावलं, कारण दुसरं काय करायचं हे सुचत नव्हतं. धोंडूबाई पाठमोरी होती. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला होता.

तिसऱ्या रिळात निरोप होता. माझा कांद्याचा अश्रू होता, तो भिंतीवर कलिंगडाएवढा दिसला. मग पाहुणा वळला आणि बांधावरून चालायला लागला. विष्णूला कॅमेरा घेऊन त्याच्या मागे चालायचं होतं, पण बांध अरुंद, तो खाली बघून चालत असणार, कॅमेराही खाली वळला. डबा गेला, अंग गेलं, भिंतीवर नुसते पाय राहिले. परग्रहावरच्या माणसाला बूट हवेत हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. कापलेल्या भाताच्या खुंटांतून ते अनवाणी पाय चालत होते. टाचा भेगाळलेल्या, अंगठे बाहेरच्या अंगाला वळलेले.

"थांबव," धोंडूबाई म्हणाली.

"थांबवता येत नाही, मावशी. जळतो."

"मग मागं घे."

मी हाताने मागे घेतलं. पाय परत चालले. "परत," ती म्हणाली. मी परत घेतलं. सातदा का आठदा ते पाय बांधावरून गेले. तोवर गिरणी रिकामी झाली होती. मग कशेळ्याची वीज गेली, ती रविवारी जायचीच. पोत्यांच्या फटींतून उन्हाच्या दोन-तीन रेघा येत होत्या, बाकी अंधार. लडकू दारापाशी उभा होता. त्याने दार उघडलं नाही.

"डबा काडायला कोनी सांगितलं नाय काय रं त्याला?" धोंडूबाईने विचारलं.

"तो काढणार होता. मी नको म्हणालो."

"का?"

मी तीन आठवडे याच प्रश्नापासून पळत होतो. "मला दिसायचं होतं, मावशी."

तिने पदर मागे सारला. "दिसलास की," म्हणाली.

त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी प्रोजेक्टरच्या तापलेल्या पत्र्यावर हात ठेवून उभा राहिलो. मला माफी मागायची होती, पण कशाकशाची, ते लावायला सुरुवात कुठून करायची ते कळेना. डब्याची, न जाण्याची, पट्टीने मारलेल्या रेघेची. सुरुवात करणार तेवढ्यात ती म्हणाली, "बोलू नको. जरा गप ऱ्हा. येतंय."

मी पत्र्यावरचा हात काढून घेतला.

"पाय त्याचंच. त्याच्या बापाचंबी असंच व्हतं, आंगठं बाहेर. ह्यो दारातनं आत येयाचा तवा आदी पाय दिसायचं मला, मी चुलीपाशी बसलेली आसायची. मग वर बगायची." तिने डोळे मिटले असावेत. तिचा श्वास ऐकू येत होता. मग हळूच, कोणाला उठवायचं नसावं तशी म्हणाली, "आलं. समदं आलं येका जागी."

लडकूने दारापाशी नाक ओढलं. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, काही का असेना, बाईला तिचा मुलगा दिसला. तो तिला कसा दिसत असेल म्हणून मीही डोळे मिटले, आणि तोंडावर दोन भोकं पाडलेला चंदेरी डबा आला. मी डबा बाजूला सारायचा प्रयत्न केला. शाळेचं बाक आठवलं, त्यावर सखाची बसायची जागा आठवली, पार आठवला, पारावर तो कुठल्या बाजूला बसायचा तेही आठवलं. त्या जागी कोणी नव्हतं. एका बाकावर आठ वर्षं बसलेला मुलगा, आणि मला त्याचं नाकसुद्धा आठवेना. तिला निदान नाक आठवत होतं. खिडकीत मी तिला जे 'अगदी स्पष्ट' म्हणालो होतो, ते मलाच दिसत नव्हतं, आणि कधीपासून दिसत नव्हतं हेही मला माहीत नव्हतं.

"लडकू," मी म्हणालो, "तुला आठवतो तो?"

"मला नको इचारू," लडकू म्हणाला.

मी प्रोजेक्टर सोडून पुढे गेलो आणि धोंडूबाईच्या शेजारी कोंड्यात बसलो. पँट खराब होत होती.

"मावशी, कसा होता तो दिसायला?"

तिने मान वळवली. अंधारात तिला माझं तोंड दिसलं नसेल. मला वाटलं, ती विचारेल, तू मित्र ना त्याचा? तिने विचारलं नाही. पोत्यावर जरा सरकून तिने मला जागा दिली.

"कपाळ आखूड," ती म्हणाली. "केस पार हितवर आलेलं. भुवया जोडलेल्या, मदी येक व्रण, गोठ्याच्या मेढीवर आपटलावता. डोळं बारीक. हसला का पार मिटायचं. नाक बापाचं, बसकं. वरच्या व्हटावर नुकतंच मिसरूड आलंवतं, सारखा हात लावून बगायचा. उजवा दात जरा पुढं. कान मोठं, उन्हात उभा राह्यला का लाल दिसायचं."

मी एकेक ऐकत गेलो. कपाळ ठेवलं, भुवया ठेवल्या. डोळ्यांपर्यंत जमलं, मग नाक लावताना कपाळ गेलं.

"परत सांगा, मावशी," मी म्हणालो. "कपाळापासून."

आणि तिने परत सांगितलं.